चौघांचा खेळ, खोक्यात कंट्रोलर एकच

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मुलांचे हट्ट आणि पालकांची शरणागती या विषयावर आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. व्हिडिओ गेमच्या कन्सोलसाठी, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रासाठी, मुले घरात जे टुमणे लावतात, त्याचा दोष लेखकाने निम्मा मुलांच्या आणि निम्मा आईबापांच्या पदरात घातला आहे. तो अगदीच अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही, कारण शरण गेलेल्यांपैकी मीही एक आहे. परंतु हे टुमणे मुलांना शिकवतो कोण, या प्रश्नाला त्या लेखात एकही ओळ मिळालेली नाही, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने कन्सोल मागितला तेव्हा तो नुसते 'मला हवा' म्हणाला नाही. हे काही खेळणे नाही, यावर सिनेमेसुद्धा दिसतात, तुम्हाला आणि आईलाही खेळता येईल, घरातले सगळे एकत्र बसतील, असे मुद्दे त्याने क्रमाने मांडले. 'घरातले सगळे एकत्र बसतील' हे वाक्य नऊ वर्षांच्या पोराला स्वतःहून सुचत नाही. ते कुठल्याशा जाहिरात संस्थेत बसलेल्या माणसाने माझ्यासाठी लिहिलेले होते आणि माझा मुलगा ते माझ्यापर्यंत पोचवणारा पोस्टमन होता.

कन्सोल घरी आला. जाहिरातीत एका कोचावर आई, वडील आणि दोन मुले दाटीवाटीने बसून खेळत होती आणि चौघांच्या हातांत चार कंट्रोलर होते. आमच्या खोक्यातून एकच निघाला. जाहिरातीतला तो मोटारींचा खेळही खोक्यात नव्हता, तो वेगळा घ्यावा लागला. पुढे वर्गातल्या मित्राबरोबर आपापल्या घरी बसून खेळायचे ठरले, तेव्हा त्यासाठी वर्गणी भरावी लागते हे कळले. मी ती जाहिरात पुन्हा लावली आणि थांबवत थांबवत पाहिली. शेवटचे दोन-तीन सेकंद बोधचिन्ह झळकते, त्याच्या खाली पांढऱ्या पार्श्वभूमीवर फिकट करड्या अक्षरांत सगळे लिहिलेले होते : खेळ आणि जास्तीचे कंट्रोलर स्वतंत्रपणे विकले जातात, काही सुविधांसाठी वर्गणी आवश्यक. म्हणजे कायद्याच्या भाषेत मला फसवले असे म्हणता येत नाही. फक्त वाचता येणार नाही अशा बेताने सांगितले गेले.

ही एका कंपनीची चलाखी असती तर मी आपला वेळ घेतला नसता. या धंद्याचा इतिहास चाळला की ध्यानात येते, कन्सोलची जाहिरात पहिल्यापासून दोन तोंडांनी बोलत आली आहे. घरगुती वापराचा पहिला कन्सोल मॅग्नाव्हॉक्स ओडिसी १९७२ साली आला तेव्हा टीव्हीसमोर जमलेले कुटुंब हेच त्याचे चित्र होते. १९८३च्या सुमारास अमेरिकेत या खेळांचा बाजार कोसळला आणि दुकानदार 'व्हिडिओ गेम' हा शब्द ऐकून घ्यायलाही तयार होईनात. १९८५ साली निन्टेन्डो या जपानी कंपनीने तिथे पाऊल ठेवले ते त्यामुळेच वेष पालटून. यंत्राच्या नावात 'गेम' हा शब्द येऊ दिला नाही, त्याला 'एन्टरटेन्मेंट सिस्टिम' म्हटले, पुढून झाकण उघडून कार्ट्रिज, म्हणजे खेळ साठवलेली डबी, आत सरकवायची रचना घरच्या व्हिडिओ रेकॉर्डरसारखी केली, आणि जोडीला 'रॉब' नावाचा एक प्लास्टिकचा रोबो दिला. रोबोमुळे दुकानदाराला ती वस्तू खेळण्यांच्या फळीवर ठेवता आली आणि मुलांना रोबो हवाहवासा वाटला. हा रोबो चालत असे फक्त दोन खेळांबरोबर. त्याचे खरे काम यंत्राला दुकानाच्या आत नेण्याचे होते, ते झाल्यावर तो गुपचूप बाजूला पडला.

त्यानंतर आलेल्या सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीने आणखी एक गोष्ट ओळखली. दहा वर्षांच्या मुलाला माल विकायचा असेल तर जाहिरातीत दहा वर्षांचे मूल दाखवू नये, पंधरा वर्षांचे दाखवावे. १९८९पासूनच्या तिच्या अमेरिकेतील मोहिमेचा रोख असा होता की, निन्टेन्डो हा लहान पोरांचा खेळ आणि आमचे यंत्र मोठ्यांचे. प्रतिस्पर्ध्याच्या नावाची मोडतोड करून तिने त्याची उघड टर उडवली. 'ब्लास्ट प्रोसेसिंग' असा एक दणदणीत शब्दही तिच्या जाहिरातींनी रूढ केला, ज्याचा अर्थ ऐकणाऱ्या मुलाला कळावा अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. त्याने तो शाळेत दुसऱ्याच्या तोंडावर फेकावा, एवढेच पुरे होते. 'आपल्याला लहान समजतील' ही भीती मुलाच्या मनात असतेच. तिला हात घालणारी ही युक्ती तेव्हापासून कुणी सोडलेली नाही.

मोठ्यांच्या बाबतीत हीच युक्ती उलटी चालते. मोठ्या माणसाला खेळायचे असते, पण खेळण्यासाठी कारण लागते. जाहिरात त्याला ते कारण पुरवते. सोनीने १९९०च्या दशकात आपला प्लेस्टेशन हा कन्सोल तरुणांच्या नाइट क्लबांपर्यंत नेला, तिथल्या संगीताशी त्याचे नाते जोडले, आणि १९९९ साली ब्रिटनमध्ये एक जाहिरात केली जिच्यात निरनिराळ्या वयांची आणि वर्गांची माणसे कॅमेऱ्याकडे पाहून आपल्या दुहेरी आयुष्याची कबुली देत होती. दिवसा आपण साधी नोकरदार माणसे, पण प्रत्यक्षात सैन्ये हाकली आहेत, जग जिंकले आहे, असा तिचा सूर होता. विकायची वस्तू कशी चालते याची माहिती तीत जवळपास नव्हतीच. जाहिरात म्हणून ती उत्तम होती, हे मला मान्य करावेच लागेल. २००५च्या सुमारास निन्टेन्डोने प्रौढांसाठी निराळे कारण शोधले. तिच्या हातात धरायच्या डीएस या यंत्रावरचा मेंदूच्या कसरतीचा खेळ तिने अशा मंडळींना विकला, ज्यांनी आयुष्यात कधी बटण दाबले नव्हते. त्यांना कुणी 'खेळा' म्हटले नाही, 'मेंदू तल्लख ठेवा' म्हटले. २००६ साली आलेल्या वी या कन्सोलच्या जाहिरातीत दोन जपानी गृहस्थ छोट्या मोटारीतून येऊन अमेरिकेतल्या घरांची दारे ठोठावत, अदबीने वाकत, 'आम्हाला तुमच्याबरोबर खेळायला आवडेल' असे सांगत आणि मग घरातली सगळी वयाची माणसे दिवाणखान्यात हात हलवत उभी दिसत. तो कन्सोल १० कोटींहून अधिक खपला.

अलीकडे तिसरे एक कारण फार चालते, ते म्हणजे आठवण. २०१६ साली निन्टेन्डोने आपल्या जुन्या यंत्राची चिमुकली प्रतिकृती ३० खेळांसह विकायला काढली. ती नऊ वर्षांच्या मुलांसाठी नव्हती, नवव्या वर्षी आईवडिलांनी 'नाही' म्हटलेल्या चाळिशीतल्या माणसांसाठी होती. स्विच या कन्सोलच्या त्याच वर्षी आलेल्या पहिल्या ट्रेलरमध्ये विमानात, बागेत, गच्चीवरच्या मेजवानीत खेळणारी जवळजवळ सगळी माणसे विशी-तिशीतली आहेत. यात वावगे काही नाही. अमेरिकेतील या उद्योगाच्या संघटनेच्या सांगण्यानुसार तिथल्या खेळणाऱ्यांचे सरासरी वय तिशीच्या पुढे आहे, आणि मी स्वतःही मुलगा झोपल्यावर तासभर फुटबॉल खेळतो, हे इथे कबूल करणे रास्त ठरेल.

माझा आक्षेप वेगळा आहे. मुलाला सांगायचे की तू आता मोठा झालास, मोठ्याला सांगायचे की तू पुन्हा लहान हो, आणि पैसे भरणाऱ्याला सांगायचे की हे सगळे कुटुंबासाठी आहे; ही तिन्ही बोलणी एकाच यंत्राबद्दल, अनेकदा एकाच जाहिरातीत चालतात, आणि त्यामुळे त्या जाहिरातीवर मुलांसाठीचे नियम लावावेत की मोठ्यांसाठीचे, हे कधी ठरतच नाही. खेळांना वयाची खूण असते. अमेरिकेच्या सिनेटमध्ये १९९३च्या डिसेंबरात हिंसक खेळांवर सुनावणी झाली, तेव्हा सरकारने कायदा करण्याआधी उद्योगानेच १९९४ साली ईएसआरबी ही वर्गवारी करणारी संस्था उभी केली. युरोपात २००३पासून पेगी ही पद्धत आहे. पण या खुणा खेळांच्या आहेत. कन्सोलला वय नाही. तेव्हा कन्सोलच्या तीस सेकंदांच्या जाहिरातीत आधी उड्या मारणारे कार्टून, मग मोटारींची शर्यत आणि मग चार सेकंद बंदुकांची धुमश्चक्री, असे सगळे एकाच ताटात वाढता येते. अठरा वर्षांखालच्यांसाठी नसलेल्या खेळाची ओढ आठ वर्षांच्या मुलाला लागते, ती अशी.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचे हित पाहणाऱ्या सरकारी आयोगाने, २००० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, हिंसेमुळे सतरा वर्षांवरील खेळाडूंसाठी म्हणून वर्गवारी झालेले ११८ खेळ तपासले होते. त्यांपैकी ८३ खेळांचा प्रचार सतरा वर्षांखालील मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केला गेला होता, असे त्यात आढळले. स्वतःच लावलेली खूण स्वतःच बाजूला ठेवून माल विकला जात होता. त्यानंतर उद्योगाने आपले नियम कडक केले हे खरे, परंतु तोवर जाहिरातच टीव्हीवरून उठून दुसरीकडे जाऊ लागली होती.

ती गेली कुठे, हे २०१५ सालच्या एका प्रकरणात स्पष्ट झाले. मशिनिमा नावाच्या एका अमेरिकी कंपनीने लोकप्रिय व्हिडिओ करणाऱ्यांना एक्सबॉक्स वन या कन्सोलची वाखाणणी करण्यासाठी पैसे दिले होते. त्यांपैकी दोघांना मिळून ४५ हजार डॉलर मिळाले, आणि हे पैसे घेतल्याचे त्यांनी प्रेक्षकांना नीट सांगितले नव्हते. याच फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीशी तडजोड केली. माझ्या मुलाच्या दृष्टीने जाहिरात म्हणजे कार्यक्रमाच्या मध्ये येते ती. त्याच्या आवडीचा दादा स्वतःच्या खोलीत बसून खोके उघडतो आणि 'अरे बापरे, काय भारी आहे' म्हणतो, ती जाहिरात आहे हे मी सांगितल्यावर तो माझ्यावर रागावला. त्याला वाटले, मी त्याच्या मित्राला खोटारडा म्हणालो.

मुलांना उद्देशून जाहिरातीच नकोत, असे म्हणणारे देश आहेत. स्वीडनने १९९१पासून टीव्हीवर बारा वर्षांखालील मुलांना उद्देशून जाहिराती करायला मनाई केली आहे, कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १९८०पासून तेरा वर्षांखालील मुलांसाठी अशीच बंदी आहे, आणि युरोपीय संघाच्या २००५च्या नियमांनुसार 'हे विकत घ्या' किंवा 'आईबाबांना घ्यायला सांगा' असे मुलांना थेट सांगणे अनुचित व्यापारी प्रथा ठरते. या नियमांबद्दल मला आदर आहे. पण कन्सोलच्या बाबतीत ते तोकडे पडतात असे माझे मत आहे, कारण इथली जाहिरात मुलाला 'आईबाबांना सांग' असे म्हणतच नाही. ती आईबाबांशी बोलल्यासारखे करते आणि मुलाला ऐकू जाईल असे बोलते.

शिवाय नियामकांचे लक्ष बहुधा अभिरुचीकडे असते. २००२ साली ब्रिटनमध्ये एक्सबॉक्सची एक जाहिरात टीव्हीवरून काढून टाकावी लागली. तीत जन्मलेले बाळ खिडकीतून उडून हवेतच म्हातारे होते आणि थडग्यात जाऊन आदळते, आयुष्य छोटे आहे तेव्हा जास्त खेळा, असा संदेश होता. लोकांनी तक्रारी केल्या आणि जाहिरात गेली. ती किळसवाणी होती हे मान्य, पण तिने कुणाच्या खिशाला खोटे सांगितले नव्हते. खिशाला खोटे सांगणाऱ्या जाहिरातीवर कारवाई झाल्याचे मला जे ठळक उदाहरण आठवते, ते सोनीच्या हातात धरायच्या व्हीटा या यंत्राचे. घरच्या प्लेस्टेशन ३वर कोणताही खेळ कुठेही थांबवा आणि तिथूनच पुढे व्हीटावर बाहेर खेळा, असे त्या जाहिराती सांगत होत्या. प्रत्यक्षात ही सोय मोजक्या खेळांनाच होती, त्यांतल्या काहींसाठी एकच खेळ दोन्ही यंत्रांकरिता दोनदा विकत घ्यावा लागे, आणि बेसबॉलच्या एका खेळात तर संपूर्ण सामना घरी संपवल्याशिवाय तो व्हीटावर नेताच येत नसे. २०१४च्या नोव्हेंबरात फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीत ग्राहकांना २५ डॉलर रोख वा खात्यात जमा, किंवा ५० डॉलरचे व्हाउचर द्यायचे ठरले. यंत्र अमेरिकेत २०१२च्या फेब्रुवारीत विक्रीला आले होते. म्हणजे ज्या मुलाने ते दहाव्या वर्षी हट्ट करून घेतले, तो न्याय मिळेपर्यंत तेरा वर्षांकडे झुकला होता.

जाहिराती एवढे झाकून का ठेवतात, याचे उत्तर या व्यवसायाच्या हिशेबात आहे. कन्सोल पुष्कळदा अगदी कमी नफ्यावर, कधी तोट्यातही विकला जातो. प्लेस्टेशन ३ बाजारात आला तेव्हा प्रत्येक नगामागे कंपनीला तोटा होत होता. कमाई होते ती पुढे वर्षानुवर्षे विकल्या जाणाऱ्या खेळांतून, जोडसामानातून आणि वर्गणीतून. इंटरनेटवरून इतरांशी खेळण्यासाठी पैसे घेण्याची पद्धत एक्सबॉक्सने २००२ साली रुळवली, प्लेस्टेशनने २०१३ साली चौथ्या आवृत्तीपासून बहुतेक खेळांना ती लावली आणि निन्टेन्डोही २०१८च्या सप्टेंबरपासून त्याच वाटेने गेले. भर म्हणून आता डिस्क घालायची फटच नसलेली यंत्रे स्वस्तात मिळतात. ती घेणाऱ्याला जुना खेळ कुणाला विकता येत नाही की मित्राकडून उसना आणता येत नाही. प्रत्येक खेळ कंपनीच्याच दुकानातून, कंपनीच्याच भावाने घ्यायचा. स्वस्त यंत्राची किंमत अशी नंतर वसूल होते. जाहिरातीत मात्र हे यंत्र 'सुटसुटीत' असते.

याला उपाय म्हणून मी बंदी मागणार नाही. माझ्या घरी कन्सोल आहे आणि तो आम्हा दोघांनाही आवडतो. मला हवी आहे ती अक्षरांची जाडी. किंमत ज्या आकारात छापतात, त्याच आकारात खोक्यात काय आहे, कंट्रोलर किती, खेळ आहे की नाही, दाखवलेला खेळ खेळायला वर्गणी लागते का आणि डिस्क चालते का, हे लिहिले जावे. चौघे खेळताना दाखवायचे असतील तर चौघांचे सामान धरून होणारी किंमत द्यावी, नाहीतर एकालाच खेळताना दाखवावे. कन्सोलच्या जाहिरातीत ज्या ज्या खेळाची दृश्ये येतील, त्यांतल्या सर्वांत वरच्या वयाची खूण त्या जाहिरातीला लागावी आणि ती दाखवण्याच्या वेळाही तिच्याप्रमाणे ठराव्यात. दृश्य खेळातले आहे की जाहिरातीसाठी वेगळे बनवलेले, हेही दृश्य चालू असतानाच सांगावे. आणि प्रत्येक आधुनिक कन्सोलमध्ये पालकांसाठी वेळ, खर्च आणि वय यांवर मर्यादा घालण्याची सोय असते, तिला त्या कुटुंबवत्सल जाहिरातीत पाच सेकंद मिळायला हरकत नसावी. कोचावर हसत बसलेल्या आईच्या हातात ती सेटिंग्ज कधी दिसल्याचे मला तरी आठवत नाही.

शेवटची विनंती आपल्यालाच आहे, आणि ती थोडी अवघड आहे याची मला जाणीव आहे. ज्या अंकात तो लेख आला, त्याच अंकाच्या पहिल्या पानावर कन्सोलची पानभर जाहिरात होती. मी पट्टी घेऊन मोजले : किंमत जवळपास साडेचार सेंटिमीटर उंचीच्या आकड्यांत आणि अटी दीड मिलिमीटरच्या अक्षरांत, त्याही गडद निळ्यावर काळ्या. आपल्या छोट्या जाहिरातींच्या स्तंभात कुणी जुने कपाट विकतो, त्याची अक्षरे याहून मोठी असतात. कायदा होईल तेव्हा होवो. मुलांशी संबंधित जाहिरातींतील अटींची अक्षरे किमान किती मोठी असावीत, एवढे आपल्या जाहिरात विभागाने स्वतःपुरते ठरवले आणि ते पहिल्या पानावर छापले, तर त्या पुढच्या जाहिरातीवर मी पुन्हा पट्टी ठेवून आपल्याला कळवीन.

कळावे,

आपला,
एक नियमित वाचक